कोणती वाटी

वहीत लिहिलंय: एक वाटी पिठी, एक वाटी पाणी,
मिठाची कणी, तूप अर्धा चमचा.
अक्षर उजवीकडे कललेलं, घाईचं,
कडेला कधीतरी हळदीचं बोट पुसलेलं.
कोणती वाटी, ते लिहिलेलं नाही.
स्वतःपुरतं लिहिणारं माणूस
कशाला लिहील?

चतुर्थी नव्हती, सणवार काही नव्हता.
ऋजुता बूट काढता काढता म्हणाली,
"उद्या मोदक कर. उकडीचे."
जसं म्हणावं, नवी कंपासपेटी हवीय.
सात महिन्यांत माझ्याकडे
तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी अमरावतीची. आमच्याकडे मोदक म्हणजे
कणकेचे, तळलेले,
डब्यात आठवडाभर खडखडणारे.
उकडीला मी एकेचाळीस वर्षांत
हात लावलेला नाही.

खंडेराव मार्केटात आंबेमोहोर विचारला,
दुकानदारानं जिरासर पुढे केला:
"बेन, सुगंध तो जुओ."
सुगंध होता. चिकटेल का,
ते वासावरून कळत नाही.
नारळ मिळाला तो मारुतीपुढे फोडायचा,
आत कवडीसारखं टणक खोबरं;
किसून कोमट दुधात ठेवलं तासभर,
मधूनमधून चिमटीत धरून बघितलं
पुन्हा ओलं होतंय का.
गूळ इथला मऊ, काळपट,
चमच्याला लोंबत राहणारा.
हळदीचं पान म्हटलं
तर भाजीवालीनं ओली हळदच पिशवीत टाकली.
मग केळीचं पान,
तेही कोपऱ्यावरच्या मांडववाल्याकडून,
सत्यनारायणाच्या उरलेल्या खांबाचं.

पहिली उकड माझ्या वाटीनं.
फुटली.
दुसरीही माझ्याच वाटीनं, पाणी वाढवून.
ती खळ झाली, पतंगाला लावावी अशी.

ऋजुता दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे.
स्टूल ओढून वर चढली,
पिठाच्या डब्यांमागे हात घातला.
एक वाटी. काठाला पोचा,
बुडाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं: शलाका.
"ही," म्हणाली, आणि अभ्यासाला गेली.

तिसऱ्या वेळी समोरच्या कोकिळाबेन
लिंबू मागायला आल्या,
पातेल्यात डोकावून म्हणाल्या,
"आ तो खीचुं ज ने!"
आणि लाटण्याच्या टोकानं असं घोटलं
की गुठळ्यांना थारा उरला नाही.
सवयीचा हात. जाता जाता
चिमूटभर जिरंही पडलं त्यात.
लिंबू इथेच विसरल्या.

कळ्या मोजायला ऋजुता बसली, नखानं.
"आईच्या पंधरा असायच्या."
माझ्या नऊ. दोन एकमेकींत मिसळलेल्या,
आणि एका मोदकाचं टोक
झोपेतून उठल्यासारखं वाकडं.

तिनं जिऱ्याचा दाणा न् दाणा वेचून
ताटाच्या काठाला ओळीत लावला.
"मोदकात जिरं कोण घालतं?"
"कोकिळाबेन."
तिनं ओठ दाबले. हसू असावं.
तीन खाल्ले. चांगले झालेत
असं काही म्हणाली नाही,
आणि मीही विचारलं नाही.
तिचे बाबा विचारणार होते,
मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

उरलेली उकड टाकवेना.
मिरची ठेचून घातली, कोथिंबीर,
पंजानं चेपून चपट्या केल्या,
माझी बोटं उमटलेल्या.
त्या वाफवल्या आणि ती आली,
ओट्याशी उभ्यानंच, दह्यात बुडवून,
एक, मग दुसरी, मग मोजणं सोडलं.
"हे काय आहे?"
"निवगऱ्या म्हणत असावेत."
"वहीत आहेत?"
"नाहीत."
ती चावत राहिली. बोट चाटलं.
"मग लिही."
कोणत्या वहीत, ते सांगितलं नाही.

रात्री ती वाटी धुतली,
पुसली, ओट्यावर पालथी घातली.
पालथी घातली
की नाव वर येतं.